न नांदलेल्या बाईचे नांदणे

मुगभाटातील आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत एक वृद्ध बाई एकट्याच राहत असत. सारी चाळ त्यांना आक्का म्हणे, आणि त्यांचा विषय निघाला की घरातील वडीलधारी स्त्री आवाज खाली आणून एवढेच सांगे की, 'आक्का नांदल्या नाहीत.' या तीन शब्दांत त्यांच्या आयुष्याची तजवीज लागून गेलेली असे. त्यापुढे चौकशी करण्याचा शिरस्ता नव्हता. परळच्या एका इस्पितळात त्यांनी तीसपस्तीस वर्षे परिचारिकेचे काम केले होते. चाळीतील निम्म्याअधिक पोरांच्या जन्मवेळी त्या उशाशी उभ्या होत्या आणि त्याबद्दल एका नारळाखेरीज त्यांनी कोणाकडून काही घेतले नव्हते. आषाढीला वडाळ्याच्या विठोबाच्या रांगेत त्या पहाटेपासून उभ्या राहत. आणि तांबड्या फडक्यात बांधलेल्या त्यांच्या ज्ञानेश्वरीत, पाने जिथे सर्वांत मळलेली होती तिथे, पोस्टाच्या बचत खात्याचे पुस्तक खुणेसाठी घातलेले असे. ते पुस्तक पोथीत का ठेवता, असे मी पोरवयाच्या आगाऊपणाने एकदा विचारले, तेव्हा आक्का म्हणाल्या, 'दोन्ही रोज बघायला लागतात रे, मग एका जागी असलेली बरी.'

नांदणे या शब्दाचा मूळ अर्थ किती प्रसन्न आहे! सुखाने, भरल्या घरी, समाधानाने राहणे म्हणजे नांदणे. राज्ये नांदतात, शांती नांदते, लक्ष्मी नांदते. परंतु स्त्रीच्या वाट्याला येताच हा शब्द आक्रसून एका उंबरठ्याच्या आत जाऊन बसतो, आणि नवऱ्याच्या घरी जी राहिली ती नांदली, न राहिली ती नांदली नाही, मग ती पुढे नव्वद वर्षे ताठ मानेने का जगेना, असा त्याचा कायदेशीर अर्थ ठरतो. 'कायदेशीर' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. आपल्या कचेऱ्यांत आजही नांदायला येण्याचा दावा दाखल होतो; आणि या शहरात असा जो दावा सर्वांत अधिक गाजला, तो ज्या बाईवर झाला होता, त्या डॉक्टर रखमाबाईंविषयी मला लिहावयाचे आहे. दाव्याविषयी थोडे, कारण ते सर्वांनी लिहिले आहे. दाव्यानंतरच्या सदुसष्ट वर्षांविषयी अधिक, कारण ती कोणाच्या फारशी खिजगणतीत नाहीत.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील त्यांच्या बालपणीच निवर्तले. आई जयंतीबाई कोवळ्या वयात विधवा झाल्या, आणि त्यांच्या सुतार ज्ञातीत पुनर्विवाहाची चाल असल्यामुळे काही वर्षांनी त्यांनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. हे सखाराम अर्जुन म्हणजे गेल्या शतकाच्या आधीच्या शतकातील मुंबईचे एक विलक्षण गृहस्थ: ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे, वनस्पतिशास्त्रात निष्णात, १८८३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या संस्थापक सभासदांपैकी एक, आणि विवाह व प्रसूती या विषयांवर मराठीत शास्त्रीय ग्रंथ लिहिण्याची त्या काळी दुर्मीळ असलेली हिंमत दाखवणारे. तरीही अकराव्या वर्षी मुलीचे लग्न झालेच. सुधारकाच्या घरातसुद्धा मामूल सुटत नसे, ही गोष्ट सुधारकांची चरित्रे वाचताना ध्यानात ठेवलेली बरी. दादाजी भिकाजी हे वर, वय एकोणीस-वीस. मुलगी माहेरीच राहिली, फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून स्वतःच शिकत राहिली, आणि आईबरोबर प्रार्थना समाजाच्या व आर्य महिला समाजाच्या साप्ताहिक सभांना नेमाने जात राहिली.

प्रार्थना समाज हे नाव आज गिरगावकराच्या कानी पडते ते बसच्या थांब्याचे नाव म्हणून. कंडक्टर 'प्रार्थना समाज, प्रार्थना समाज' असे ओरडतो, माणसे उतरतात, आणि मागे जी वास्तू उभी आहे तिच्याकडे मान वळवून पाहण्याचेही कोणास कारण पडत नाही. डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये निघालेला हा समाज मूर्तिपूजा मानीत नसे, जातिभेद मानीत नसे, पण तुकारामाचे अभंग मानीत असे. बंगालच्या ब्राह्मसमाजाप्रमाणे हिंदू समाजापासून वेगळी चूल त्याने मांडली नाही, आणि त्यामुळे सनातन्यांनी त्याला पाखंडी म्हटले, तर अतिउत्साही सुधारकांनी भित्रा. मला मात्र वाटते की, घरात राहून घर झाडण्याची जी एक शांत, काहीशी हट्टी वृत्ती या समाजाच्या उपासकांत होती, तिची खूण रखमाबाईंच्या पुढच्या सर्व वागणुकीत दिसते. ज्या काळात पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला होता, आणि स्वतः रखमाबाईंना ज्यांनी हात दिला त्यांत ख्रिस्ती माणसे पुष्कळ होती, त्या काळात ही बाई मिशनची पुस्तके वाचूनही आपल्या जागीच राहिली. याचा अर्थ रमाबाई चुकल्या असा नव्हे. श्रद्धेच्या प्रांतात स्वातंत्र्य म्हणजे केवळ निघून जाण्याचे स्वातंत्र्य नव्हे, राहण्याचेही असते, एवढाच.

दावा दादाजींनी १८८४ मध्ये लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी तो काढून टाकला, आणि काढताना जे मत दिले ते आजही वाचनीय आहे. जी कधी नांदलीच नाही तिला पुन्हा नांदायला लावणे म्हणजे काय. आणि ज्या दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधार सापडत नाही, जो इंग्लंडातील धर्मपीठांच्या न्यायालयांतून उचलून आणलेला आहे, तो अजाण वयात लग्न लागलेल्या हिंदू मुलीवर का लादावा, असा त्यांचा रोख होता. यावर जो गदारोळ उठला त्यात 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी आपली सारी लेखणी पणास लावली, आणि धर्म बुडाला म्हणून आक्रोश झाला. गंमत अशी की, धर्म बुडाला म्हणणारे ज्या शस्त्राचे रक्षण करीत होते ते मनूचे नव्हते, याज्ञवल्क्याचे नव्हते, ते इंग्रजांच्या चर्चचे होते. आणि खुद्द इंग्लंडने अशा दाव्यातील हुकूम मोडणाऱ्यास कैद करण्याची तरतूद १८८४ मध्येच, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच साली, रद्द केली होती. अपिलात सर चार्ल्स सार्जंट यांनी खटला फेरचौकशीस पाठवला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, महिन्याच्या मुदतीत नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंग पत्करला, असे बावीस वर्षांच्या त्या मुलीने सांगितले. बरोबर सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात डॉक्टर आनंदीबाई जोशी गेल्या होत्या. एका मराठी मुलीची डॉक्टरकी सुरू होण्याआधी संपली त्याच आठवड्यात दुसरीला कैदेचा हुकूम झाला. आणि अवघ्या सात वर्षांनी ही दुसरी डॉक्टर होऊन परत येणार होती.

राणी व्हिक्टोरियाने हा विवाह मोडला, अशी एक गोष्ट लोकांना सांगावयास फार आवडते. राजेराण्यांनी येऊन गाठी सोडवाव्यात ही आपली जुनी हौस आहे. प्रत्यक्षात खटला मिटला तो जुलै १८८८ मध्ये, तडजोडीने: दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली, आणि पुढे दुसरे लग्न केले. रखमाबाईंनी केले नाही, त्यांच्या आईने केलेले असूनही.

१८८९ मध्ये, कामा इस्पितळाच्या डॉक्टर एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने आणि जमलेल्या निधीच्या बळावर, रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. या निधीत इंदूरच्या शिवाजीराव होळकरांचे पाचशे रुपये होते. त्याच वर्षी, मार्चच्या ११ तारखेस, पंडिता रमाबाईंनी मुंबईत, चौपाटीनजीक, शारदासदनाची पहिली शाळा उघडली होती. हायकोर्ट, कामा, गिरगाव, चौपाटी हा सारा टापू पायी हिंडून यायचा म्हटले तर एका सकाळचे काम आहे, आणि मराठी स्त्रीच्या आधुनिक इतिहासातील केवढी मोठी उलथापालथ एवढ्याशा जागेत झाली, हे पाहून मन स्तिमित होते. १८९१ मध्ये संमतीवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा झाला, त्याच्या मागे जी चर्चा होती तिच्या मुळाशी हा खटलाही होता.

येथपर्यंतची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. मोहिनी वर्दे यांनी मराठीत चरित्र लिहिले, सुधीर चंद्र यांनी इंग्रजीत खटल्याचा साक्षेपी अभ्यास केला, २०१६ मध्ये अनंत महादेवन यांनी चित्रपट काढला, आणि २०१७ च्या २२ नोव्हेंबरला गुगलने त्यांचे चित्र आपल्या पानावर झळकवले. ते चित्र तरुण स्त्रीचे होते. आपल्या स्मरणात रखमाबाई बावीस वर्षांच्याच राहिल्या आहेत, आरोपीच्या पिंजऱ्यात गोठल्यासारख्या. त्यांना म्हातारपण आलेच नाही, असे कोणासही वाटावे. स्त्रीने एकदा बंड केले की तिने त्या पवित्र्यातच उभे राहावे, नंतर तिने तीस-पस्तीस वर्षे रोज सकाळी उठून इस्पितळात जावे, रजिस्टरे भरावी, दायांना ओरडावे, पावसात छत्री घेऊन घरी यावे, यात आपल्याला काही चरित्र दिसत नाही.

१८९५ पासून त्या सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात मुख्य वैद्यकीय अधिकारी होत्या. तेथील बायका बाळंतपणासाठी इस्पितळाची पायरी चढावयास धजत नसत, आणि तेव्हा, असे सांगतात की, रखमाबाईंनी एका गाभण मुक्या जनावराला इस्पितळात आणून त्याची सुटका करवली, आणि 'ही पाहा, आली तशी सुखरूप परत चालली' असे दाखवून दिले. ही आख्यायिका अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातली युक्ती मात्र व्याख्यान देणाऱ्या सुधारकाची नव्हे, रोग्याच्या खाटेशी बसणाऱ्या माणसाची आहे. भित्र्या माणसाला त्याच्या भीतीबद्दल लाज न वाटू देता भीतीतून बाहेर काढणे, याला मी दया म्हणतो. प्लेगच्या दिवसांत त्या तेथेच होत्या, आणि त्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. १९१८ मध्ये स्त्रियांच्या वैद्यकीय सेवाखात्यातील जागा देऊ केली असता ती नाकारून त्या राजकोटच्या जनाना इस्पितळात गेल्या, आणि १९३० च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिल्या. वैद्यकी करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रीचा मान कोणाचा, यावर अधूनमधून लहानसे वाद होतात, आणि त्यात बंगालच्या कादंबिनी गांगुली यांचे नाव आधी येते ते योग्यच आहे. पहिलेपणाची ही शर्यत मला क्षुल्लक वाटते. पहिली कोण याची नोंद दप्तरात होते. सुरतेच्या आणि राजकोटच्या ज्या बायका घरी जिवंत परतल्या त्यांची झाली नाही.

आता त्यांच्या आयुष्यातील ज्या एका गोष्टीपाशी चरित्रकार, सुधारक आणि सनातनी सर्वच अडखळतात, तिच्याकडे येतो. १९०४ मध्ये दादाजी भिकाजी वारले. आणि रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे परिधान केली. ज्याच्या घरी एक रात्र राहण्यापेक्षा सहा महिन्यांची कैद बरी असे त्यांनी भर न्यायालयात सांगितले होते, ज्याला दोन हजार रुपये मोजून आपली मोकळीक विकत घेतली होती, त्या पुरुषाच्या नावाने चाळिशी गाठलेल्या या स्वतंत्र, कमावत्या, विलायतेत शिकलेल्या डॉक्टरीणबाईंनी पांढरे लुगडे नेसावे! सनातन्याला यात विजय दिसतो: पाहा, शेवटी नाते कबूल केलेच. सुधारकाला यात पराभव दिसतो, म्हणून तो एका ओळीत हे उरकून पुढच्या परिच्छेदावर जातो, किंवा रोग्यांचा विश्वास संपादन करण्यासाठी केलेली ती एक व्यावहारिक सोय होती असे सुचवतो.

मला दोन्ही समजुती अपुऱ्या वाटतात. लक्षात घ्यावे की, ज्ञातीची सक्ती येथे नव्हती. विधवेच्या पुनर्विवाहाची जिथे चाल होती, खुद्द स्वतःची आई जिथे पुन्हा सौभाग्यवती झाली होती, त्या घरातील ही मुलगी होती. सासरचे कोणी दारात उभे नव्हते. ना हुकूम होता, ना मुदत, ना कैदेची धमकी. सरकारने, न्यायालयाने आणि वृत्तपत्रांनी मिळून जे नाते तिच्याकडून वसूल करता येईना, त्याचे सुतक तिने, मागणारा कोणी उरला नसताना, आपल्या मर्जीने धरले. श्रद्धा ही काय वस्तू आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात विसंगती वाटणार नाही. देवाशी आणि मृतांशी माणसाचा जो हिशेब असतो तो तिऱ्हाइताने तपासावयाचा नसतो. आणि तो तिऱ्हाइताला तपासू न देणे, हीच तर त्या बाईची खटल्यातील सारी मागणी होती. तेच पांढरे लुगडे नेसून म्हातारपणी मुंबईत परतल्यावर त्यांनी पडदा पद्धती नाहीशी करण्याची निकड सांगणारी पुस्तिका लिहिली. रूढीचे एक वस्त्र अंगावर आणि दुसऱ्या रूढीच्या विरुद्ध हातात लेखणी: आक्कांच्या तांबड्या फडक्यात पोथी आणि पासबुक एकत्र बांधलेले पाहून जो वाढला त्याला हे चित्र मुळीच परके वाटत नाही.

मुंबईतील या अखेरच्या पाव शतकाकडे पाहावे. ज्या बेहरामजी मलबारींनी खटल्याच्या दिवसांत रखमाबाईंची बाजू उचलून धरली, त्यांनी १९०८ मध्ये स्थापन केलेले सेवासदन तोवर गावदेवीत स्थिरावले होते. तेथून हाकेच्या अंतरावर मणिभवनात गांधीजी उतरत. आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला ते गवालिया टँकचे मैदानही त्याच टापूत. रखमाबाईंच्या जन्मसमयी या शहरात हायकोर्टाची इमारतसुद्धा नव्हती. त्यांच्या हयातीत ती झाली, तिच्यात त्यांना कैदेचा हुकूम झाला, आणि तिच्यावरचे निशाण उतरून दुसरे चढलेलेही त्यांनी पाहिले. सुरत आणि राजकोट येथे जन्माला घातलेली मुले एव्हाना आजोबा-आजी झाली असतील. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, एक्क्याण्णवावे वर्ष पुरे होण्यास दोन महिने असताना, रखमाबाई गेल्या.

या तारखेपाशी मला थांबावे लागते, कारण त्याच वर्षी, १८ मे १९५५ रोजी, स्वतंत्र भारताचा हिंदू विवाह कायदा अमलात आला. त्या कायद्याने द्विभार्याप्रतिबंध केला, घटस्फोट दिला, विवाहास वयाची अट घातली. खटल्यातील मुलीला १८८४ मध्ये ज्याची गरज होती ते जवळजवळ सारे दिले. आणि त्याच कायद्यात, कलम ९ म्हणून, नांदायला लावण्याचा दावाही शाबूत ठेवला. हुकूम मोडल्यास कैद ही शिक्षा १९२३ मध्येच गेली होती. मिळकतीच्या जप्तीची तरतूद राहिली. १९८३ मध्ये आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनेस धरून आहे असा निर्णय दिला. ज्या इंग्लंडातून हे हत्यार आले त्याने १९७० च्या कायद्याने ते आपल्या घरातून टाकून दिले. आपल्याकडे पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून नवऱ्याचा वकील अजून ते बाहेर काढतो: बायकोला नांदवावयास आमचे अशील तयार आहे, तीच येत नाही. कुटुंब न्यायालयाच्या आवारात हे वाक्य ज्याने ऐकले नसेल त्याने एक दुपार तेथील बाकावर बसून पाहावे.

कलम स्त्रीलाही वापरता येते, संसार सावरण्याची ती एक संधी असते, असे त्याच्या बाजूने सांगितले जाते. ज्याला संसार सावरावयाचा असेल त्याला समुपदेशक आहे, मध्यस्थ आहे, घरातील चार वडीलधारी माणसे आहेत. हुकूमनाम्याने माणसे एका छपराखाली येतात, नांदत नाहीत. रखमाबाईंचे स्मरण म्हणून रस्त्याला नाव किंवा चौकात पाटी लावण्याच्या सूचना यापुढेही होतील, आणि व्हाव्यात. पण त्यांच्या मृत्यूच्या वर्षी जे कलम पुन्हा लिहिले गेले ते संसदेने काढून टाकावे, ही मागणी त्यांच्या गावातून, गिरगावातून, प्रथम जाणे उचित होईल.

आक्का गेल्या तेव्हा बचत खात्याचे पुस्तक पोथीतच सापडले. वारस म्हणून त्यांनी चाळीतील तीन मुलींची नावे लिहून ठेवली होती. तिघींपैकी एकीचीही त्यांच्याशी नातेगोत्याची गाठ नव्हती.